घरच्या घरी वाढदिवसाची सजावट आणि रिटर्न गिफ्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाचा वाढदिवस जवळ आला की घरात दोन प्रश्न सुरू होतात : सजावट कशी करायची आणि आलेल्या मुलांना निघताना काय द्यायचे. दोन्ही गोष्टी घरी छान होतात. शिवाय ज्याचा वाढदिवस आहे त्याला आधीचे काही दिवस कात्री, कागद, गोंद घेऊन तयारीत बसता येते. माझ्या लेखी हे शेवटचे कारण सर्वांत मोठे आहे, आणि पुढची उत्तरे लिहिताना तेच डोळ्यांसमोर ठेवले आहे.

सुरुवात कुठून करायची?

एक भिंत निवडा. सगळे घर सजवायला घेतले की कागद, वेळ आणि उत्साह तिन्ही अपुरे पडतात आणि शेवटी चार कोपऱ्यांत थोडेथोडे काहीतरी लटकत राहते. केकचे टेबल जिथे मांडणार त्याच्या मागची भिंत बहुतेक वेळा योग्य ठरते, कारण मुले तिथे जमतात आणि फोटोही तिथेच निघतात. साधारण दोन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच जागा नीट भरली की सगळी खोली सजल्यासारखी वाटते.

कागदावर त्या भिंतीची चौकट काढा आणि खिडकी, दार, विजेची बटणे, पंखा कुठे आहेत ते दाखवा. मग काय कुठे येईल ते मुलाला त्यात काढू द्या. हा नकाशा साधाच असतो, पण नंतर सामान आणताना आणि ऐनवेळी लावताना त्याचा फार आधार होतो. उरलेल्या घरासाठी दारावर एक खूण पुरे.

थीम लागतेच का?

नाही. दोन-तीन रंग आणि एक आकार ठरवा : तारे, मासे, पाने, ढग, काहीही. सगळीकडे तोच आकार लहान-मोठा होऊन आला की सजावट आपोआप एकसंध दिसते. मुलाला “तुला काय हवे?” असे मोघम विचारण्यापेक्षा “मासे की तारे?” असे विचारा, लहान मुलांना दोनांतून एक निवडणे सोपे जाते. आवडत्या कार्टूनचाच हट्ट असेल तर त्या पात्राचा चेहरा काढत बसू नका. त्याचे रंग आणि त्याची एखादी ठळक खूण घ्या. मुले ते क्षणात ओळखतात.

किती दिवस आधी काय करायचे?

कागदाच्या वस्तू दोन-तीन आठवडे आधी करून ठेवता येतात, फक्त त्या ओल असलेल्या जागी ठेवू नयेत. दमट हवेत कागद वाकतो, त्यामुळे पताका सपाट डब्यात किंवा जाड पुस्तकाखाली ठेवा. रिटर्न गिफ्ट एक आठवडा आधी भरून, नावे लिहून तयार असावीत. भिंतीवर लावायचे काम आदल्या संध्याकाळी करा. लागलीच पडणारे काय आहे ते रात्रीत कळते आणि सकाळी दुरुस्तीला वेळ मिळतो. फुगे आदल्या रात्री किंवा त्याच दिवशी. ताजी फुले-पाने वापरणार असाल तर ती त्याच दिवशी.

कोणता कागद कशासाठी घ्यायचा?

इथे थोडे सविस्तर लिहिते, कारण कागद चुकला की कितीही मेहनत घेतली तरी वस्तू लोळते.

छपाईचा नेहमीचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन; आकडा जितका मोठा तितका कागद जाड). घड्यांचे पंखे, साखळ्या, चक्रे यांना तो उत्तम, कारण त्याची घडी सहज बसते. पताका, मुकुट, टोप्या, अक्षरे यांना थोडा ताठपणा हवा. त्यासाठी १८० ते २२० जीएसएमची कार्डशीट घ्या. याहून जाड कागद मुलांच्या कात्रीने कापत नाही.

टिश्यू पेपर फुलांसाठी आणि गोंड्यांसाठी. क्रेप कागद लांब झालरींसाठी. क्रेप एका दिशेने ताणला जातो, दुसऱ्या दिशेने नाही. कापण्याआधी हाताने ताणून ती दिशा पाहून घ्या. ताणल्या जाणाऱ्या कडेला दोन्ही अंगठ्यांनी हलके ओढत गेले की सुंदर लाटा पडतात आणि पट्टी पाकळीसारखी दिसू लागते. झालरीच्या पट्ट्या कापताना घडी उलगडू नका. घडी केलेल्या गठ्ठ्याचेच पाच-पाच सेंटिमीटर रुंदीचे तुकडे करा. प्रत्येक तुकडा उलगडला की लांबच लांब पट्टी तयार मिळते. एक सावधगिरी मात्र हवी : क्रेपचा रंग पाण्याने सुटतो. ओल्या हातांनी तो हाताळला किंवा ओलसर भिंतीला लावला तर डाग पडतात.

घरात असलेले कागदही विसरू नका. जुने नकाशे, वापरून झालेले गुंडाळी कागद, मासिकांची रंगीत पाने, खोक्यांचा पुठ्ठा, एका बाजूने कोरे छपाईचे कागद. मासिकांच्या पानांची साखळी विकतच्या रंगीत कागदापेक्षा मला जास्त आवडते, कारण तिच्यात एकही कडी दुसरीसारखी नसते.

पताकांच्या माळेला किती कागद लागतो?

तीन मीटरच्या माळेला आठ ए-४ कार्डशीट पुरतात. प्रत्येक शीट मधोमध कापली की १४.८ बाय २१ सेंटिमीटरचे दोन तुकडे मिळतात. वरच्या बाजूला दोन सेंटिमीटर दोरीवर दुमडायला सोडा आणि खाली त्रिकोण कापा. अशा १६ पताका चार-चार सेंटिमीटरच्या अंतराने लावल्या की माळ जवळजवळ बरोबर तीन मीटर होते. दोरी चार मीटर घ्या, म्हणजे दोन्ही टोकांना बांधायला अर्धा-अर्धा मीटर उरतो. दुमडलेल्या भागाला गोंदाची कांडी लावा. पातळ गोंदाने कागद सुरकुततो. पताका दोरीवर सरकत राहायला हव्या असतील तर गोंद दोरीला न लावता दुमडीच्या खालच्या कडेलाच लावा.

साखळीचा हिशेब आणखी सोपा आहे. साधा ए-४ कागद आडवा ठेवून ३.३ सेंटिमीटरच्या नऊ उभ्या पट्ट्या कापायच्या. तीन मीटरला साधारण ५० कड्या, म्हणजे सहा कागद.

‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’ ही अक्षरे पताकांवर कशी बसवायची? आमची नेहमी वरखाली होतात.

एका पताकेवर एक पूर्ण अक्षर घ्या, त्याच्या काना-मात्रा-वेलांटीसकट : वा, ढ, दि, व, सा, च्या. मग एक कोरी पताका. मग शु, भे, च्छा. एकूण दहा पताका झाल्या. जोडाक्षर कधीही दोन पताकांवर फोडू नका. आधी ‘च्’ आणि पुढे ‘या’ असे लावले तर लांबून वाचताच येत नाही.

वरखाली होण्याचे कारण शिरोरेषा. प्रत्येक पताकेवर वरून एकाच अंतरावर पेन्सिलीने आडवी रेघ मारून घ्या, सात सेंटिमीटर हे अंतर चांगले. त्या रेघेवर शिरोरेषा बसवा. मात्रा आणि वेलांटीला वर जागा राहते, ‘शु’च्या उकाराला खाली. त्रिकोणी पताकेत खालची जागा निमुळती होत जाते आणि उकार कडेबाहेर जातो, त्यामुळे अक्षरांसाठी आयताकृती किंवा खाली खाच असलेली पताका घ्या. अक्षराची जाडी दीड सेंटिमीटर तरी हवी. मुलाला लिहिता येत असेल तर अक्षरे त्यालाच लिहू द्या, तुम्ही फक्त शिरोरेषेची रेघ आखून द्या. एवढ्यानेच माळ ओळीत येते आणि हस्ताक्षर त्याचेच राहते.

नावाची माळही याच पद्धतीने होते आणि पुढे वर्षभर मुलाच्या खोलीत राहू शकते.

टिश्यू पेपरचे गोंडे दुकानातल्यासारखे भरगच्च का होत नाहीत?

बहुधा थर कमी पडतात. ५० बाय ७० सेंटिमीटरचे आठ ते दहा कागद एकावर एक ठेवा आणि एका बाजूने तीन-चार सेंटिमीटरच्या उलटसुलट घड्या घाला. मधोमध बारीक तारेने किंवा दोऱ्याने बांधा, पण आवळू नका. आवळले की मध्ये कंबर पडते आणि गोंडा फुलत नाही. दोन्ही टोके गोल कापली तर पाकळ्या मऊ दिसतात, टोकदार कापली तर झेंड्यासारख्या ताठ. मग एकेक थर मध्याकडे हळूच ओढत सोडवायचा. कागद फाटतो तो इथेच, घाई केली की. हे काम मोठ्यांनी किंवा आठ-नऊ वर्षांच्या शांत हाताच्या मुलाने करावे.

घड्यांची चक्रे मात्र पाच-सहा वर्षांची मुलेही करतात. ए-४ कागदाला आखूड बाजूला समांतर दीड-दोन सेंटिमीटरच्या उलटसुलट घड्या घालायच्या, घडी मध्ये दुमडायची आणि आतल्या कडा चिकटवायच्या. झाला पंखा. असे दोन पंखे जोडले की २१ सेंटिमीटरचे चक्र. दाट हवे असेल तर तीन पंखे घ्या. वेगवेगळ्या मापांची सात-आठ चक्रे एकमेकांना खेटून लावली तर पूर्ण भिंत भरते, आणि खरे सांगायचे तर कमी कष्टांत सर्वांत जास्त दिसणारी हीच वस्तू आहे.

मुलाला यातले काय काय करू द्यावे?

वयापेक्षा हात पाहा. तरी अंदाज म्हणून : दोन-तीन वर्षांची मुले कागद फाडतात, स्टिकर चिकटवतात, ठसे मारतात. फाडलेल्या कागदाच्या कडा सुंदर दिसतात, तेव्हा ढग किंवा डोंगर त्यांच्याकडे सोपवा. चार-पाच वर्षांची मुले बोथट टोकाच्या कात्रीने सरळ रेघेवर कापतात आणि साखळ्या जोडतात. सहा-सातला वळणे कापता येऊ लागतात. त्यापुढे घड्या, गाठी, मोजमाप. कटर आणि गरम गोंदाची बंदूक मात्र मोठ्यांच्याच हाती; तिचा गोंद १०० अंश सेल्सिअसच्या वर तापलेला असतो आणि त्वचेला चिकटून राहतो.

मुलाने कापलेले वाकडेतिकडे झाले तर नंतर नीट करावे का?

करू नका. मूल झोपल्यावर त्याची पताका बदलून टाकलेली दुसऱ्या दिवशी त्याला कळते. वाकड्या पताका सगळ्या एका बाजूला न लावता माळेत सगळीकडे पसरवा, म्हणजे तो नमुनाच वाटतो. आणि पाहुणी मुले आल्यावर “हे मी केले” असे जिथे बोट ठेवून सांगितले जाते, ती जागा नेहमी त्याच वाकड्या पताकेची असते.

घरी फुगवलेले फुगे छताला का लागत नाहीत?

कारण तोंडाने किंवा पंपाने आपण भरतो ती हवाच असते. वर जायला हवेपेक्षा हलका वायू लागतो, म्हणजे हेलियम. हेलियमचा साधा रबरी फुगा साधारण १२ ते २४ तास तरंगतो, कारण रबराच्या सूक्ष्म छिद्रांतून वायू निसटत राहतो. चंदेरी फॉइलचा फुगा कित्येक दिवस टिकतो. हेलियम श्वासात ओढून आवाज बदलण्याचा खेळ मुलांना कधीही करू देऊ नका. फुप्फुसात प्राणवायूच्या जागी तो वायू भरतो आणि शुद्ध हरपू शकते. फॉइलचे फुगे घराबाहेर सोडूही नयेत. त्यांचा धातूचा थर वीज वाहून नेतो, आणि तारांत अडकले तर वीजपुरवठा तुटतो.

मला हेलियमची गरज वाटत नाही. हवेचे फुगे दोऱ्याने छतापासून किंवा पडद्याच्या दांडीवरून उलटे टांगले तर दिसायला तसेच दिसतात आणि दोन-तीन दिवस टिकतात.

फुग्यांची कमान घरी जमते का?

जमते, फक्त हातपंप हवा. दोन मीटरच्या कमानीला लहान-मोठे मिळून ६०-७० फुगे लागतात, आणि तेवढे तोंडाने फुगवणे शक्य नाही. पाच इंची आणि बारा इंची असे दोन आकार घ्या. बारा इंची फुगा पूर्ण न फुगवता दहा-अकरा इंचांवर थांबवा; फुगा नासपतीसारखा लांबट होऊ लागला की तो जास्त भरला आहे. सगळे सारखे यावेत म्हणून पुठ्ठ्यात हव्या त्या मापाचे गोल भोक कापा आणि प्रत्येक फुगा त्यातून पाहा.

दोन फुग्यांची तोंडे एकमेकांना बांधा. अशा दोन जोड्या एकमेकींत पिळल्या की चार फुग्यांचा गुच्छ होतो. हे गुच्छ मजबूत दोरीवर किंवा मासेमारीच्या नायलॉन दोऱ्यावर गुंडाळत जायचे, प्रत्येक गुच्छ आधीच्याला घट्ट सरकवून. शेवटी फटींमध्ये छोटे फुगे दुहेरी चिकटपट्टीने लावा. कमान आधी भिंतीवर आणि मग छोटे फुगे, हा क्रम ठेवा.

फुगे उन्हात ठेवू नका. थंड खोलीत गच्च भरलेला फुगा बाहेर गरम हवेत नेला की आतली हवा प्रसरण पावते आणि तो फुटतो. उन्हात-हवेत राहिलेल्या रबराची चमकही जाते आणि ते धुरकट दिसू लागते.

फुग्यांचा धोका खरेच असतो का?

हो, आणि तो फार कमी घरांत गांभीर्याने घेतला जातो. फुटलेल्या किंवा न फुगवलेल्या रबरी फुग्याचा तुकडा तोंडात गेला तर तो घशाच्या आकारात बसतो आणि श्वास पूर्ण अडवतो. म्हणून आठ वर्षांखालच्या मुलांनी फुगे मोठ्यांच्या देखतच हाताळावेत. न फुगवलेली पाकिटे उंचावर ठेवा. फुगा फुटला की तुकडे तेव्हाच्या तेव्हा उचलायचे, हे काम एका मोठ्या माणसाला आधीच सांगून ठेवा. गर्दीत प्रत्येकाला वाटते की दुसरा उचलेल.

काहींना रबराची ॲलर्जी असते. पाहुण्या मुलांच्या पालकांना निरोप देतानाच हे विचारून घ्या.

आमच्या मुलीला फुगे फुटण्याच्या आवाजाची भीती वाटते.

मग फुगे आणूच नका. तिचाच दिवस आहे. कागदी कंदील, टिश्यूचे गोंडे, घड्यांची चक्रे यांनी तोच गोलपणा आणि तोच रंग येतो. भीती घालवायचा हा दिवस नव्हे.

सजावट किती उंचीवर लावावी?

आपल्या नजरेला जिथे बरे वाटते तिथून बरीच खाली. पाच वर्षांच्या मुलाची उंची साधारण ११० सेंटिमीटर असते, म्हणजे त्याचे डोळे जमिनीपासून सुमारे एक मीटरवर. मोठी माणसे आपल्या उंचीने सजवतात आणि मुलांना दिसतात त्या फक्त पताकांच्या खालच्या कडा. लावण्याआधी गुडघ्यांवर बसून भिंतीकडे एकदा पाहा. मुख्य गोष्टी ९० ते १२० सेंटिमीटरच्या पट्ट्यात आणा, माळ वर राहू द्या.

खाली आणले म्हणजे मुले हात लावणारच. लावू द्या. म्हणून खालच्या भागात पुठ्ठ्याच्या, दणकट वस्तू हव्यात. खोक्याच्या पुठ्ठ्यातून वयाचा मोठा आकडा कापून त्यावर मुलाच्या फोटोंच्या प्रती चिकटवल्या तर सगळी मुले तिथे घोळका करतात. मूळ फोटो लावू नका, प्रतीच लावा.

भिंतीचा रंग न निघता चिकटवायचे कसे?

शक्यतो चिकटवूच नका. पडद्याची दांडी, दाराची कडी, खिडकीचे गज, कपाटाची मूठ यांच्यामध्ये दोरी ताणा आणि सगळे त्या दोरीवर टांगा. चिकटवायचेच असेल तर मास्किंग टेप वापरा आणि आधी कोपऱ्यात छोटा तुकडा लावून एक रात्र पाहा. नुकत्याच रंगवलेल्या भिंतीला महिनाभर तरी काहीही चिकटवू नये, रंग पूर्ण पक्का व्हायला तेवढा वेळ लागतो.

काढताना टेप सरळ बाहेर ओढायची नाही. तिला स्वतःवरच दुमडून, भिंतीला लगटून, हळूहळू खेचा. हटत नसेल तर केस वाळवायच्या यंत्राने थोडी ऊब द्या, गोंद मऊ होतो.

छताच्या पंख्याला काहीही बांधू नका, तो बंद असला तरीही. गर्दीत कोणीतरी बटण दाबतेच.

मेणबत्त्या आणि कागदी सजावट एकत्र चालेल का?

अंतर ठेवून. मेणबत्तीच्या थेट वर आणि आजूबाजूला हाताच्या अंतरात कागद, क्रेप, फुगा काहीही नको. केक आणला की लोंबणारी झालर बाजूला घ्यायची, हे आधीच ठरवा. टेबलावर शोभेसाठी पेटत्या दिव्यांऐवजी बॅटरीचे दिवे घ्या, पण त्यांची बॅटरीची खोबण स्क्रूने बंद होणारी असावी. बटणाएवढी बॅटरी गिळली गेली तर अन्ननलिका काही तासांत भाजते. अशी शंका आली तरी थेट रुग्णालय गाठायचे.

चमकी वापरावी का?

मी वापरत नाही. बाजारातली बहुतेक चमकी म्हणजे प्लॅस्टिकचे कण, ते डोळ्यांत जातात, जमिनीच्या फटींत बसतात आणि शेवटी पाण्यात जातात. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लॅस्टिक चमकीच्या विक्रीवर बंदी घातली आहे. उधळायला काही हवे असेल तर वाळलेली रंगीत पाने कागदाच्या पंचने पाडा. हे काम मुले तासन् तास करतात.

मुकुट किंवा टोपी करायची आहे, माप काय घ्यावे?

तीन ते आठ वर्षांच्या मुलांच्या डोक्याचा घेर बहुतेक ४९ ते ५४ सेंटिमीटर असतो. ए-४ कार्डशीटच्या लांब बाजूने सात सेंटिमीटर रुंद दोन पट्ट्या कापून जोडल्या की सुमारे ५८ सेंटिमीटरची पट्टी मिळते, ती कोणालाही पुरते. मागे गोंद न लावता दोन खाचा एकमेकींत अडकवा, म्हणजे डोक्याप्रमाणे कमी-जास्त होते. स्टेपलर मारला तर पिनेची टोके बाहेरच्या बाजूला ठेवा आणि वरून टेप लावा. हनुवटीखालून इलॅस्टिक देण्यापेक्षा मुकुट बरा. इलॅस्टिक ताणून सोडण्याचा मोह मुलांना आवरत नाही.

रिटर्न गिफ्ट काय द्यावे, जे दुसऱ्या दिवशी फेकले जाणार नाही?

माझे उत्तर ठाम आहे : पाहुण्या मुलाने तिथेच स्वतः केलेली वस्तू. कोरी कापडी पिशवी आणि कापडावरचे खडू ठेवा, किंवा पुस्तकातल्या खुणेच्या पट्ट्या आणि ठसे, किंवा मोठे मणी आणि दोरा. मुले वीस-पंचवीस मिनिटे गुंगून जातात, खेळ आणि भेट दोन्ही एकत्र होतात, आणि घरी नेलेली वस्तू स्वतःची असते म्हणून जपली जाते. पातळ रंग टाळा, वाळायला वेळ लागतो आणि ओली वस्तू हातात घेऊन कोणालाच निघता येत नाही. खडू, मार्कर, शिक्के, स्टिकर चालतात.

आधी करून ठेवायच्या वस्तूंपैकी तीन मला खात्रीच्या वाटतात.

मोडक्या मेणखडूंचे नवे खडू. खडूंचे कागद काढा, तुकडे सिलिकॉनच्या साच्यात भरा आणि ओव्हनमध्ये १२०-१३० अंश सेल्सिअसला १० ते १५ मिनिटे ठेवा. पूर्ण थंड झाल्यावरच काढा. एका साच्यात जवळचे रंग घाला, निळा-हिरवा, लाल-पिवळा. सगळे मिसळले तर मातकट होतात. तो साचा पुन्हा खाण्यासाठी वापरू नये.

साबणाच्या फुग्यांचे पाणी. सहा भाग पाण्यात एक भाग भांडी घासायचा द्रव साबण, आणि प्रत्येक पेल्यामागे चमचाभर ग्लिसरीन. ग्लिसरीनमुळे पाण्याची वाफ हळू होते आणि फुगा जास्त टिकतो. रात्रभर मुरू द्या, मग घट्ट झाकणाच्या बाटल्यांत भरा.

बियांची पाकिटे. लवकर उगवणाऱ्या बिया निवडा : मुळा, झेंडू, सूर्यफूल. मुळा आठवड्याच्या आत वर येतो, आणि मुलांचा धीर तेवढाच असतो. पाकिटावर किती खोल पेरायचे आणि रोज किती पाणी घालायचे ते चित्र काढून दाखवा.

घरी केलेली खेळायची कणीक देता येईल का?

हो. एक कप मैदा, अर्धा कप मीठ, एक कप पाणी, एक मोठा चमचा तेल, एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि खायचा रंग मंद आचेवर ढवळत राहा. गोळा झाला की उतरवा, कोमट असताना मळा, हवाबंद डबीत भरा. बरेच आठवडे टिकते. गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलाला ही देऊ नका. घरात कुत्रा असलेल्यांनाही डबीवर लिहून सांगा : यात मीठ फार असते आणि कुत्र्याने खाल्ली तर त्याच्या जिवाला धोका होऊ शकतो.

तीन वर्षांखालची मुले येणार आहेत. काय टाळू?

ढोबळ नियम असा : टॉयलेट पेपरच्या गुंडाळीच्या रिकाम्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती त्यांच्या हाती द्यायची नाही. मणी, बटणे, गोट्या, चिकटवलेले डोळे सगळे यात आले. छोटे ताकदवान चुंबक कोणत्याच वयाला नकोत. दोन गिळले गेले तर ते आतड्यात एकमेकांना चिकटतात आणि भोक पाडतात. दोऱ्या एका वितीपेक्षा लांब ठेवू नका. या वयाला मोठ्या आकाराचे खडू, कापडी चेंडू किंवा जाड पुठ्ठ्याचे चित्रांचे पुस्तक बरे.

मोठी आणि लहान मुले दोन्ही असतील तर?

पिशव्या एकसारख्या, आतली वस्तू वयाप्रमाणे. बाहेरून फरक दिसला की रुसवे सुरू होतात.

भेट भरायला प्लॅस्टिकऐवजी काय?

खाकी कागद ए-४ मापात कापा, मधोमध दुमडा, दोन बाजू चिकटवा. झाले पाकीट. त्यावर बटाट्याचा ठसा मारून मुलाला सजवू द्या. प्रत्येकावर पाहुण्याचे नाव मुलाच्या अक्षरात असावे, कितीही वाकडे असले तरी.

किती भेटी कराव्यात?

बोलावलेल्या मुलांपेक्षा तीन जास्त. भावंडे येतात, आणि एखादी वस्तू तिथेच तुटते. स्वतःच्या मुलासाठीही एक ठेवा. रांगेत उभे राहून ती घ्यायला त्याला आवडते.

माझ्याकडे एकच संध्याकाळ आहे. काय करू?

सात घड्यांची चक्रे आणि नावाची माळ. बाकी सगळे सोडा. रिटर्न गिफ्ट म्हणून बियांची पाकिटे.

नंतर या सगळ्याचे काय करायचे?

लगेच काढू नका. मुलांना दोन-चार दिवस ती भिंत हवी असते. काढल्यावर माळ पुठ्ठ्याच्या तुकड्याभोवती गुंडाळा, दोन्ही टोकांना खाच पाडून दोरी अडकवा, म्हणजे गुंता होत नाही. चक्रे पुन्हा घडी करून पाकिटात बसतात. टिश्यूचे गोंडे मात्र परत नीट घडी होत नाहीत, ते टांगूनच ठेवावे लागतात किंवा सोडावे लागतात. साधा कागद रद्दीत जातो. टेप, तार आणि स्टेपलरच्या पिना आधी काढा. फुगे फोडताना मुले खोलीत नसावीत. गाठीजवळ रबर थोडे ताणून कात्रीने बारीक छेद द्या, मग आवाज न होता हवा जाते आणि सगळा फुगा एकाच तुकड्यात हाती राहतो.